झेंडावंदनाला साडेअठरा हजार, चेंबरला शून्य

ओढ्याकाठची | २ ऑगस्ट, रात्री १०:४२

काल आमच्या सोसायटीच्या कमिटीची मीटिंग झाली. ७२ फ्लॅट, तीन विंग, आंबिल ओढ्यापासून दोन गल्ल्या आत. विषय एकच, १५ ऑगस्ट. साडेअठरा हजारांचं बजेट दहा मिनिटांत पास झालं. मांडव, स्पीकर, फुलांची रांगोळी, प्रत्येक गॅलरीला एक झेंडा, सामोसे, जिलबी. मी हात वर करून म्हटलं, गेटजवळच्या पावसाळी चेंबरची जाळी तुंबली आहे, जूनपासून कोणी गाळ काढलेला नाही, यातले पाच हजार तिकडे वळवू या का?

जरा शांतता पसरली. मग एक काका म्हणाले, "वर्षातून एकदा देशासाठी खर्च करायचा, त्यातही गटार आणलंत?" सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. घरी आल्यावर मात्र झोप लागेना.

बाहेरच्यांसाठी सांगते. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजच्या बाजूने लोंढा आला आणि ओढा रस्त्यावरून, सोसायट्यांतून वाहिला. टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. त्या रात्री आमच्या पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी होतं, दुचाक्या एकमेकींवर चढल्या होत्या. लाइट गेलेले, फोन लागत नव्हते. तेव्हा कमिटीतलं कोणीही खाली आलं नाही (आमचे हेही आले नाहीत, लिहून टाकते). आले ते दोन कॉलेजची मुलं, भाड्याने राहणारी, आणि गेटबाहेरचे इस्त्रीवाले दादा. तळमजल्यावर कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेल्या आजी आहेत हे फक्त इस्त्रीवाल्या दादांना माहीत होतं, कारण त्यांच्या चादरी रोज त्यांच्याकडे जायच्या. मुलांनी दोर धरला, दादांनी आजींना पाठुंगळी घेतलं.

त्यानंतर आमच्याकडे दरवर्षी झेंडावंदन झालं. पाहुणे येतात, नारळ-शाल होते. या तिघांना एकदाही बोलावलेलं नाही. मुलं तर फ्लॅट सोडूनही गेली.

तुमच्याकडे अशी पद नसलेली माणसं कोण आहेत, आणि त्यांच्यावर तुमची सोसायटी, गल्ली, मंडळ कसं चालतं, ते ऐकायचंय. मी झेंडावंदनाच्या विरोधात नाही, हे आधीच लिहिते, नाहीतर धाग्याचा काश्मीर व्हायचा.

पेठेतला_पोपट | २ ऑगस्ट, रात्री ११:१५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तोवर एक जुनी गोष्ट. "यात गटार आणलंत?" हा प्रश्न पुण्याला नवा नाही. १८८० साली व्हाईसरॉय लॉर्ड लिटन यायचे होते, म्हणून शहर सजवायला एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव नगरपालिकेत आला. सभासद ३२. विरोधात मत एक, जोतीराव फुल्यांचं. हे पैसे गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला, एवढंच म्हणणं. ठराव अर्थातच पास झाला. शाळेत आपल्याला फुल्यांची मुलींची शाळा शिकवतात, विहीर शिकवतात. पण हा माणूस १८७६ ते १८८२ अशी सहा वर्षं पालिकेच्या कंटाळवाण्या सभांना जाऊन बसत होता, हे कोणी शिकवत नाही. आता मंडईला त्यांचं नाव आहे, आणि मंडईत आपण पार्किंगवरून भांडतो.

ताई, तुमच्या मीटिंगला ३२ जण होते का?

ओढ्याकाठची | २ ऑगस्ट, रात्री ११:२१

अकरा. कोरमसुद्धा नव्हता.

निवृत्त_सुभेदार | ३ ऑगस्ट, सकाळी ५:५०

बावीस वर्षं फौजेत काढली. लोकांना वाटतं तिथे रोज गोळीबार चालतो. अहो, अर्धा दिवस फटीगमध्ये जातो. नाली खोदा, नाली साफ करा, लंगरची भांडी मोजा, गोण्यांत माती भरा. पावसाआधी बंकरची नाली उपसली नाही तर रात्री सगळी सेक्शन पाण्यात झोपते. तिथे कोणी म्हणत नाही की मी देशासाठी आलोय, नालीसाठी नाही. तुमच्या त्या काकांना माझा निरोप द्या.

दुसरी गोष्ट, प्रत्येक गॅलरीला झेंडा. ध्वजसंहिता २००२ची. ३० डिसेंबर २०२१ला तिच्यात बदल झाला, तेव्हापासून पॉलिएस्टरचा आणि मशीनवर केलेलाही झेंडा चालतो. जुलै २०२२ पासून घरावर रात्रीही ठेवता येतो. मोकळीक वाढली, मान तोच राहिला. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२, केशरी पट्टा वर, फाटका-विटका झेंडा लावायचा नाही. खराब झालेला झेंडा चारचौघांत नाही तर एकांतात, मान राखून, शक्यतो जाळून पूर्ण नष्ट करायचा. ओल्या कचऱ्यात नाही, सुक्या कचऱ्यात नाही, फरशी पुसायला तर नाहीच. (हो, पाहिलं आहे.)

१६ ऑगस्टला सकाळी मी आणि आमच्या सोसायटीतली चार पोरं पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या सिग्नलपर्यंत जातो. गेल्या वर्षी १३७ झेंडे उचलले. बहुतेक प्लॅस्टिकचे, जे मुळात वापरायचेच नसतात. पोरांना मोजायला सांगतो, मोजलं की लक्षात राहतं.

तुम्ही ७२ लावणार. ते उतरवून, घडी करून, कपाटात कोण ठेवणार त्याचं नाव आत्ताच लिहून घ्या. चढवायला गर्दी असते.

जय हिंद.

टेकडीवेडा | ३ ऑगस्ट, सकाळी ८:०५

सुभेदार, दंडवत.

आमच्याकडे, म्हणजे टेकडीवर, असे एक आजोबा आहेत. उन्हाळ्यात रोज पाच-पाच लिटरचे दोन कॅन वर नेतात. वय सत्तरच्या पुढे. मी विचारलं, एकटे किती झाडं जगवणार? म्हणाले, "अकरा. बारावं मेलं." त्यांना कुठल्या समितीत घ्यायचं म्हटलं की ते दुसऱ्या वाटेने चढतात.

नेतृत्व बितृत्व शब्द त्यांच्यासमोर काढू नका, कॅन हातात देतील.

हिशोबनीस | ३ ऑगस्ट, सकाळी ११:३०

या धाग्याची लिंक मला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरच मिळाली. ७२ फ्लॅट, तीन विंग, ओढ्यापासून दोन गल्ल्या. बी विंग, तिसरा मजला, बरोबर ना? नमस्कार. मी खजिनदार.

इथे आयडी काढून लिहितोय, कारण एकच बाजू वाचून लोक टाळ्या वाजवतायत. साडेअठरा हजारांतले एक रुपयाही मेंटेनन्सचे नाहीत. वर्गणी आहे. ग्रुपवर एक मेसेज टाकला, दोन दिवसांत ५४ घरांनी पैसे दिले, दोघांनी तर न मागता दुप्पट दिले. आता दुसरा हिशोब. जूनमध्ये त्याच चेंबरसाठी मी घरटी शंभर रुपये मागितले होते. नऊ घरांनी दिले. नऊशे रुपयांत गाडीवाला गेटपर्यंतसुद्धा येत नाही, म्हणून परत केले. त्या नऊ घरांत, ताई, तुमचं घर नव्हतं. रजिस्टर आहे माझ्याकडे.

लोक झेंड्याला देतात, चेंबरला देत नाहीत. हा माझा दोष?

आणि जरा झेंडावंदनाबद्दल. पार्किंगच्या वादावरून ए विंग आणि सी विंग दोन वर्षं कोर्टात आहेत. वर्षात एकच सकाळ असते जेव्हा ही माणसं एका मांडवाखाली उभी राहतात. गेल्या वर्षी वॉचमनच्या मुलीने माइकवर प्रतिज्ञा म्हटली. मुलगी चौथीत, मराठी तिची घरची भाषा नाही. "सारे भारतीय माझे बांधव आहेत" म्हणताना तिने समोर पाहिलं आणि समोर ए आणि सी विंग शेजारी उभ्या. मी जिलबीचा खोका धरून उभा होतो. मला तो खर्च वाया गेलासा वाटत नाही.

इस्त्रीवाल्यांचं मात्र खरं आहे. ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

ओढ्याकाठची | ३ ऑगस्ट, दुपारी १२:०२

काका, नमस्कार. ओळखलंत ते बरं झालं.

शंभर रुपये राहिले हे कबूल. मी गावी होते. (हे कारण होत नाही, कळतंय मला.)

पेठेतला_पोपट | ३ ऑगस्ट, दुपारी १२:०४

पॉपकॉर्न संपले, दुसरी पिशवी फोडतोय.

बाणेरची_भाडेकरू | ३ ऑगस्ट, दुपारी ३:४०

भाडेकरूंकडून वर्गणी घेतात, मीटिंगला बोलवत नाहीत, एवढं एक नोंदवून पुढे जाते. २०१९ला दोर धरणारी मुलं भाड्याची होती, याचं मला काही नवल वाटलं नाही.

आमच्या इमारतीत खरी सत्ता कचरा न्यायला येणाऱ्या मावशींची आहे. 'स्वच्छ'च्या आहेत त्या. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासूनची, तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. म्हणजे कचरा वेचणाऱ्या बायकाच तिच्या मालक. मला हे पुण्यात येऊन चार वर्षांनी कळलं, तोपर्यंत मी त्यांना पालिकेच्या नोकर समजत होते. मावशींना सगळ्यांचं सगळं ठाऊक असतं. कोणाकडे ओला-सुका वेगळा असतो, कोण फक्त वर कागद ठेवून खाली खरकटं दडवतं, कोणाकडे कालपासून बादली बाहेर आली नाही. मागच्या वर्षी अशीच बादली आली नाही म्हणून त्यांनीच बेल वाजवली, आतले आजोबा न्हाणीघरात पडलेले सापडले.

त्यांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढत जा. उघडून बघावं लागतं नाहीतर." मी इतकी शरमले. एमबीए केलेली बाई मी. दुसऱ्या दिवशी लाल स्केचपेन बाथरूममध्ये ठेवलं आणि बाकीच्या चौदा घरी जाऊन सांगितलं. सात ऐकतात.

१५ ऑगस्टला त्यांना सुट्टी असते का, हे मी अजून विचारलेलं नाही. लिहिता लिहिता सुचलं.

फुरसुंगीकर | ३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१८

वाचतोय सकाळपासून. छान चाललंय.

तुमच्या सोसायटीच्या गेटबाहेर गाडी गेली की तुमच्यासाठी कचरा संपतो. आमच्यासाठी तिथे सुरू व्हायचा. उरुळी देवाची आणि फुरसुंगीला वर्षानुवर्षं सगळ्या पुण्याचा कचरा आला. विहिरींचं पाणी गेलं, सोयरीक जुळवताना लोक वास किती येतो ते विचारायचे. आम्ही गाड्या अडवल्या की शहरातल्या बातम्यांत मथळा एकच, पुण्याची कचराकोंडी. कोंडी कोणाची झाली होती?

माझे वडील त्या आंदोलनात रस्त्यावर बसायचे आणि २६ जानेवारीला शाळेत झेंड्याची दोरीही तेच ओढायचे. दोन्हीला धोतर एकच असायचं, इस्त्रीचं.

ओला कचरा घरच्या घरी जिरवा. बाकी देशभक्ती तुम्हाला हवी तशी करा.

तात्पुरता_सेक्रेटरी | ३ ऑगस्ट, रात्री ९:५५

(तात्पुरता, गेली सात वर्षं.)

फुरसुंगीकरांना मनापासून +१. आमच्याकडे तीन वर्षांपासून ओला कचरा आतच जिरवतो. पहिल्या सहा महिन्यांत अळ्या, वास, शिव्या, दोन राजीनामे. आता खत मिळतं, आणि खतावरून भांडणं होतात की जास्त कोणी नेलं.

ओढ्याकाठची, तुमच्या चेंबरबद्दल थोडं कामाचं बोलतो. आधी ते चेंबर कोणाचं आहे ते बघा. कंपाउंडच्या आतलं सोसायटीचं, बाहेर रस्त्यावरचं पालिकेचं. गेटजवळ म्हणताय, म्हणजे बहुधा आतलं चेंबर बाहेरच्या पावसाळी लाइनला जोडलेलं असणार आणि तुंबलंय बाहेरचं. तसं असेल तर तुमचे पाच हजार घालून आतलं उपसलं तरी पहिल्या जोराच्या पावसात पाणी उलटं येईल. पावसात टॉर्च घेऊन उभे राहा, पाणी कुठून कुठे जातंय ते पाहा, फोटो काढा. निम्म्या तक्रारी इथेच मरतात, कारण तक्रार चुकीच्या ठिकाणी गेलेली असते.

बाहेरचं निघालं तर पालिकेच्या पीएमसी केअर अ‍ॅपवर टाका, पण तेवढ्यावर थांबू नका. कागदावर अर्ज लिहा, क्षेत्रीय कार्यालयात द्या, आवक क्रमांक घ्या, पोचवर शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय घरी यायचं नाही. आमचे जुने अध्यक्ष म्हणायचे, पोच नाही तर पोच नाही. (शब्दाचे दोन्ही अर्थ घ्या.) पंधरा दिवसांनी तोच क्रमांक वर लिहून स्मरणपत्र. तिसऱ्यांदा गेलात की खिडकीतला माणूस तुम्हाला नावाने ओळखतो आणि चौथ्यांदा सांगतो की अमुक जेई (कनिष्ठ अभियंता) साइटवर सकाळी नऊला असतात, तिकडे गाठा. तरीही हललं नाही तर माहिती अधिकार आहेच, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. आणि दर सोमवारी दुपारी ३ ते ५ फायली नुसत्या बघायला जाता येतं, हे आपल्या शहरात फार थोड्यांना माहीत आहे. मी जातो. पंख्याखालची खुर्ची माझी ठरलेली आहे.

पुढच्या वर्षासाठी नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक हा प्रकारही आहे, पुण्यात २००६-०७ पासून. आपल्या प्रभागात बाक हवा, दिवा हवा, पदपथ हवा, असं फॉर्मवर लिहून द्यायचं. एका कामाला साधारण पाच लाखांची मर्यादा. आम्ही बसस्टॉपजवळ एक दिवा मागितला होता. चौदा महिने लागले. मार्च २०२२ला सभागृहाची मुदत संपल्यावर वर्षानुवर्षं प्रशासकच होता, तेव्हा तर नगरसेवकाचा दरवाजाही नव्हता; जे काही झालं ते आवक क्रमांकावर झालं. दिवा लागला त्या संध्याकाळी मी तिथे जाऊन वीस मिनिटं उभा राहिलो. कोणाला काही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. बस आली, एक मुलगी उतरली, फोनचा टॉर्च न लावता चालत गेली.

कलम_५१क | ४ ऑगस्ट, सकाळी ९:१०

आयडीला साजेसं लिहितो. संविधानात मूलभूत कर्तव्यं १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने आली, तेव्हा दहा. अकरावं, मुलांना शिक्षणाची संधी देण्याचं, २००२मध्ये आलं. ध्वज आणि राष्ट्रगीताचा आदर पहिल्याच कलमात आहे. पण त्याच यादीत नद्या-तलाव-वनं जपणं आहे आणि सार्वजनिक मालमत्ता सांभाळणंही आहे. सगळी एकाच पानावर. गंमत म्हणजे ही कर्तव्यं सुचवणाऱ्या स्वर्णसिंग समितीने कर भरणं हेही कर्तव्य सुचवलं होतं, ते घेतलं गेलं नाही.

पेठेतला_पोपट | ४ ऑगस्ट, सकाळी ९:१४

कर गाळला, पण नद्या ठेवल्या. आपण दोन्ही बुडवतो.

निवृत्त_सुभेदार | ४ ऑगस्ट, सकाळी ९:३०

पोपटराव, रोज हसवता. एखादं काम पण करता का?

पेठेतला_पोपट | ४ ऑगस्ट, सकाळी १०:४७

सुभेदारसाहेब, बाण बसला. उत्तर देतो.

करतो, पण वर्षातून एक दिवस, म्हणून सांगायला लाज वाटते. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर आमच्या मंडळातले आम्ही सहा जण अ‍ॅम्ब्युलन्सच्या वाटेला असतो. गाडी आली की ढोल थांबवायचा, दोन्ही बाजूंनी हात धरून गर्दी फाडायची. ढोल थांबवणं सगळ्यात अवघड. पोरं रंगात आलेली असतात. आमच्यातला एक ठेंगणा माणूस आहे, टेलरिंगचं दुकान आहे त्याचं, तो ताशावाल्यासमोर नुसता हात जोडून उभा राहतो. काही बोलत नाही. ताशा थांबतो. मी पहाडी आवाजात ओरडलो तर मलाच ढकलतात.

आणि इतिहासाची खोड जात नाही म्हणून हेही घ्या. २ एप्रिल १८७०ला पुण्यात सार्वजनिक सभा निघाली. गणेश वासुदेव जोशी तिच्यामुळेच 'सार्वजनिक काका' झाले. तिचं सभासद व्हायचं तर किमान पन्नास लोकांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे, की हा माणूस आमच्या वतीने बोलेल. पन्नास लोक तुमच्यावर सही करतात का ते आधी दाखवा, मग पुढारीपण. आजच्या ग्रुप अ‍ॅडमिनांना हा नियम लावला तर शहरात शांतता नांदेल. हे माझं वैयक्तिक मत.

हिशोबनीस | ४ ऑगस्ट, रात्री ८:२०

सेक्रेटरीसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे आज पावसात टॉर्च घेऊन उभा राहिलो. मी आणि बी विंग तिसरा मजला, दोघेही. (छत्री एकच होती, त्यांची.) निष्कर्ष, आतलंही तुंबलंय आणि बाहेरचंही.

आतल्या चेंबरसाठी ओळखीच्या एकाने दोन माणसं सांगितली आहेत, दीड हजारात उतरून हाताने साफ करतात. हे पैसे मी स्वतः घालतो, विषय संपवू.

ड्रेनेजवाला | ४ ऑगस्ट, रात्री ८:४१

काका, थांबा. माणूस उतरवू नका.

मी याच धंद्यात आहे, गाडी चालवतो. तुमच्या चेंबरला मैलापाण्याची लाइन कुठे जोडली गेली आहे की नाही, तुम्हाला तरी माहीत आहे का? जुन्या सोसायट्यांत कोणीतरी बाथरूम वाढवताना पावसाळी लाइनला जोड मारलेला असतो. आत गॅस असतो, वास येईलच असं नाही. झाकण उघडल्यावर पहिला माणूस बसतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही बसतो. पेपरात दोघांची नावं एकाच ओळीत येतात ती अशी. २०१३च्या कायद्याने सेप्टिक टँकमध्ये, गटारात संरक्षणाशिवाय माणूस उतरवायला बंदी आहे आणि काम सांगणारा गुन्हेगार ठरतो, म्हणजे तुम्ही. पावसाळी चेंबर आहे म्हणून चालेल असं समजू नका. सक्शन आणि जेटिंगची गाडी बोलवा. महाग पडते. पडू दे.

हिशोबनीस | ४ ऑगस्ट, रात्री ८:५५

रद्द केलं. आत्ताच फोन करून सांगितलं.

खरं सांगतो, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दीड हजार म्हटल्यावर बरं वाटलं होतं.

डेक्कनची_नात | ५ ऑगस्ट, सकाळी ७:३३

वाचनमात्र होते, पण गोण्यांचा उल्लेख आला म्हणून लिहिते. माझे आजोबा नारायण पेठेत राहायचे. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं त्याची गोष्ट ते दर पावसाळ्यात सांगायचे. आम्हाला वाटायचं ते पुराची गोष्ट सांगतायत, पण ते फार वेळ गोण्यांवर बोलायचे. जवान रात्रभर धरणावर वाळूच्या गोण्या रचत होते. धरण वाचलं नाही. पण फुटलं ते सकाळी, लोक जागे असताना. "रात्री फुटलं असतं तर तुझी आजी नसती," असं म्हणून चहा मागायचे.

पुढील लेखनास शुभेच्छा, ओढ्याकाठची.

ओढ्याकाठची | ५ ऑगस्ट, सकाळी १०:०५

डेक्कनची_नात, हे वाचून थोडा वेळ गप्प बसले.

काकांशी काल जिन्यात बोलणं झालं. मांडव राहील, प्रतिज्ञा राहील, जिलबी राहील. फुलांची रांगोळी रद्द, मुलं साधी काढतील. झेंडावंदन झालं की लोक जिलबीसाठी थांबतातच, तेव्हाच मांडवात अर्ज फिरवायचा, बाहेरच्या चेंबरचा. कोणाला वर जाऊ द्यायचं नाही, सही करा आणि जिलबी घ्या. (पोपटरावांची पन्नास सह्यांची कल्पना ढापली आहे.) इस्त्रीवाल्या दादांना बोलवायला मी गेले होते. ते म्हणाले, येतो, पण सकाळी नको, सकाळी पंधरा ऑगस्टचे सदरे असतात इस्त्रीला.

बाणेरची_भाडेकरू | ५ ऑगस्ट, सकाळी १०:२०

अहो किती खरं आहे हे! मग वेळच बदला ना.

ओढ्याकाठची | १७ ऑगस्ट, रात्री ९:३०

धागा वर काढतेय.

वेळ बदलली. आठ ऐवजी साडेनऊ. यावरून ग्रुपवर ८६ मेसेज पडले, एका काकांनी "शिस्त राहिली नाही" म्हणून ग्रुप सोडला आणि झेंडावंदनाला मात्र सगळ्यात आधी येऊन उभे राहिले. दोरी इस्त्रीवाल्या दादांनी ओढली. गाठ सुटेना, फुलं अडकली, दादांना घाम फुटला, मागून कोणीतरी सूचना द्यायला लागलं. वॉचमनची मुलगी पुढे झाली आणि दोरीला बाजूने एक हिसका दिला. शाळेत रोज करते म्हणाली.

दादांना शाल दिली तर म्हणाले, ऑगस्टात शाल? त्या दोन मुलांपैकी एकाचा नंबर मिळाला, आता बंगळुरूला असतो. त्याला वाटलं वर्गणी मागायला फोन केलाय.

अर्जावर ६१ सह्या. ए आणि सी विंगच्या सह्या एकाच पानावर आल्या, त्यांच्या वकिलांना सांगू नका. सोमवारी आवक क्रमांक मिळेल.

सुभेदारकाका, झेंडे उतरवायची जबाबदारी माझी होती. १६ला संध्याकाळपर्यंत ७० परत आले, घडी करून कपाटात आहेत. एक वाऱ्याने गेला, शोधतोय. एक सी विंगच्या गॅलरीत अजून आहे, ते लोक कुलूप लावून कोकणात गेलेत.

निवृत्त_सुभेदार | १८ ऑगस्ट, सकाळी ५:४५

वाऱ्याने गेलेला शोधा. शेजारच्या पत्र्यावर बघा.

ओढ्याकाठची | १८ ऑगस्ट, सकाळी ७:५०

पत्र्यावरच होता.

तात्पुरता_सेक्रेटरी | १८ ऑगस्ट, सकाळी ११:००

सोमवार आहे. पोच?

ओढ्याकाठची | १८ ऑगस्ट, दुपारी १:२५

घेतली. शिक्क्यासकट. जेवणाच्या सुट्टीआधी पाच मिनिटं पोहोचले.

हिशोबनीस | ९ सप्टेंबर, रात्री १०:१०

अंतिम हिशोब टाकतो, इथून सुरू झालं म्हणून इथेही.

बाहेरचं चेंबर दोन स्मरणपत्रांनंतर परवा सकाळी साफ झालं. गाडी आली तेव्हा झाकणावर नेमकी माझीच कार उभी होती. ती काढायला मला सात मिनिटं लागली, हे कोणी सांगण्याआधी मीच सांगतो. आतलं चेंबर जेटिंगच्या गाडीने केलं, सहा हजार दोनशे. जिलबी सहा किलोऐवजी चार आणली होती, रांगोळी नव्हती, स्पीकरवाल्याने दोनशे सोडले. वर्गणीतून खर्च जाऊन उरलेले पैसे आणि नवीन चेंबरवर्गणी मिळून काम भागलं, नवीन लोखंडी झाकणही बसलं. चेंबरवर्गणी या वेळी ७२ पैकी ६८ घरांनी दिली. पावत्या ऑफिसबाहेर बोर्डावर लावल्या आहेत.

राहिलेल्या चार घरांची नावं इथे लिहीत नाही. बी विंग, तिसरा मजला, यांनी मात्र जूनचे शंभर धरून दोनशे आणून द्यावेत.